आठ बाय सहाचं काचघर आणि मावळातला पाऊस

घरामागच्या बागेसाठी ग्रीनहाऊस शोधायला बसलं की हल्ली मोबाइलवर ढिगाने नमुने दिसतात. ॲल्युमिनियमची चौकट, पारदर्शक भिंती, उतरतं छप्पर, आत लाकडी फळीवर ओळीने कुंड्या. चित्र देखणं असतं, यात वाद नाही. माझ्या धाकट्या भावाने ते नुसतं पाहिलेलं नाही, तो त्यात वावरलाय. मँचेस्टरला त्याच्या भाड्याच्या घराच्या परसात आठ बाय सहा फुटांचं काचघर होतं. त्यात तो टोमॅटो आणि मिरच्या काढायचा, कढीपत्त्याचं एक रोपही त्याने तिथल्या हिवाळ्यात जगवलं होतं. आता पवन मावळात त्याने छोटं घर बांधलंय, मागे दोनेक गुंठे मोकळी जागा आहे, आणि तसंच काहीतरी त्याला इथे उभं करायचंय. आमच्या मावशीने याच पट्ट्यात बरीच वर्षं पॉलिहाऊसमध्ये जरबेरा केला. तळेगावच्या हॉर्टिकल्चर ट्रेनिंग सेंटरमध्ये रीतसर प्रशिक्षण घेऊन केला. भावाने आणलेला कॅटलॉग तिने चष्म्याच्या वरून पाहिला आणि वादाला तोंड फुटलं. मी मध्ये पडले नाही, लिहून घेतलं. जिथे राहवलं नाही तिथे माझं म्हणणं घातलंय.

भाचा: मावशी, दोन मिनिटं मध्ये न बोलता ऐक. मला काही राजवाड्यातलं काचघर नकोय. दहा बाय आठ फुटांची जागा, ॲल्युमिनियमचा सांगाडा, सहा मिलिमीटरची पोकळ पॉलिकार्बोनेट शीट, एक सरकतं दार, छपराला एक झडप. किट येतं, जोडून दोन दिवसांत उभं राहतं. आत रोपं करीन, चेरी टोमॅटो, लेट्यूस, बेसिल, थोडी ऑर्किडं. गारा नाहीत, पाखरं नाहीत, सगळं आपल्या ताब्यात.

मावशी: ताब्यात काय?

भाचा: हवामान.

मावशी: तिकडे हवामानातलं नक्की काय ताब्यात ठेवायचास?

भाचा: थंडी. एप्रिल-मेपर्यंत रात्रीचं दंव पडायचं. काचघर असलं की बी मार्चात टाकता यायचं आणि टोमॅटो पार ऑक्टोबरपर्यंत चालायचे. वर्षाला दोन-तीन महिने जास्तीचे मिळायचे.

मावशी: मग इथे तुला कुठले महिने जास्तीचे हवेत?

भाचा: पावसाळ्याचे चार. त्या दिवसांत उघड्यावर काही टिकत नाही.

मावशी: म्हणजे थंडी अडवायची नाहीये, पाऊस अडवायचाय. मग भिंती कशाला?

या प्रश्नावर तो क्षणभर थांबला, आणि माझ्या मते सगळा वाद इथेच होता. काचघर ही उत्तर युरोपातल्या गरजेतून जन्मलेली वस्तू आहे. इंग्लंडमध्ये काचेवरचा कर 1845 मध्ये उठला आणि काचघरं सामान्य घरांच्या आवाक्यात येऊ लागली. त्याआधी ती बड्या जमीनदारांची मिरवायची चीज होती. चॅट्सवर्थच्या इस्टेटीवर जोसेफ पॅक्स्टनने बांधलेलं प्रचंड काचघर तापवायला आठ बॉयलर लागायचे, आणि कोळसा बागेत दिसू नये म्हणून तो जमिनीखालच्या बोगद्यातून आणत. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, आतली झाडं मेली, आणि 1920 मध्ये ते काचघर पाडून टाकलं. आपल्याकडे ऊब फुकट आहे, नको तेवढी आहे. तरी विकायला येतं ते ऊब साठवायचं यंत्रच.

भाचा: भिंती नसल्या तर वाऱ्याबरोबर पाऊस आत येणार. उंदीर येणार, गोगलगायी येणार.

मावशी: येतील. गोगलगायी वेचता येतात. कोंडलेली हवा वेचता येत नाही. एप्रिलच्या दुपारी दार लावलेल्या पॉलिहाऊसमध्ये कधी गेलायस? बाहेर अडतीस असलं तर आत पंचेचाळीसच्या वर जातं. थर्मामीटर राहू दे, चष्म्यावर वाफ धरते. टोमॅटोला पस्तीसच्या वर फूल टिकत नाही; रात्रही गरम राहिली तर देठापासून गळून पडतं. तुझं लेट्यूस त्याच्या आधीच दांडा टाकून कडू होईल.

भाचा: म्हणून तर झडप आहे. तीही मेणाच्या नळीची. नळीतलं मेण तापून फुगलं की दट्ट्या ढकलतं आणि झडप आपोआप उघडते. वीज नको, माणूस नको. मँचेस्टरला मी ऑफिसात असायचो आणि छप्पर आपलं आपण उघडायचं.

मावशी: युक्ती झकास आहे. झडप केवढी?

भाचा: दोन बाय दोन.

मावशी: म्हणजे चार चौरस फूट. आणि तुमच्याकडची पुस्तकं काय म्हणतात, जमिनीच्या किती हिश्शाएवढी उघडी जागा हवी?

भाचा: पाचवा हिस्सा.

मावशी: ऐंशी फुटांचा पाचवा हिस्सा सोळा. इंग्लंडच्या उन्हासाठी सोळा, आणि तुझ्या किटमध्ये चार. आता मला सांग, मावळच्या उन्हासाठी किती?

भाचा: दोन झडपा जास्त बसवून घेऊ. दार उघडं ठेवू.

मावशी: सकाळी आठला उघडायचं आणि संध्याकाळी लावायचं कोणी? तू पुण्याला नोकरीला. तुझ्या बाईसाहेब मुंबईला. एक दिवस विसरलात की संध्याकाळी ट्रेमधली रोपं उकडलेली.

काचेतून ऊन आत येतं पण उष्णतेचे किरण बाहेर जात नाहीत, म्हणून आत तापतं, असं आपण शाळेत शिकलो. ते अर्धंच खरं आहे. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी 1909 मध्ये दोन छोट्या पेट्या केल्या, एकीवर काच आणि दुसरीवर उष्णतेचे किरण आरपार जाऊ देणारी सैंधवाची पट्टी. दोन्ही जवळपास सारख्याच तापल्या. काचघर तापतं ते प्रामुख्याने आतली गरम हवा वर निघून जाऊ शकत नाही म्हणून. त्यामुळे छपराला काच घ्यायची, प्लास्टिक घ्यायचं की पॉलिकार्बोनेट, हा प्रश्न आपल्याकडे दुय्यम. गरम हवा कुठून निघून जाणार, हा पहिला. कॅटलॉगमध्ये शीटची जाडी ठळक अक्षरात असते आणि झडपेचं माप शेवटच्या ओळीत.

भाचा: ठीक. मग तुझं काय म्हणणं? काहीच करू नको?

मावशी: शेडनेट टाक. पन्नास टक्क्यांची. चार खांब, वर तारा, त्यावर नेट. फेब्रुवारीअखेर चढवायची, पावसाआधी उतरवायची. भाजीला एवढं पुरे. ऑर्किडांच्या कोपऱ्यावर पंचाहत्तरची.

भाचा: आणि पावसाळ्यात?

मावशी: पावसाळ्यात भेंडी लाव, दोडका लाव, अळू लाव. ज्याला पाऊस मानवतो ते लाव.

भाचा: म्हणजे उत्तर दिलंच नाहीस. मला पावसाळ्यातच टोमॅटो हवेत. शेडनेटमधून पाऊस थांबतो? उलट नेटवर साठून मोठे थेंब होऊन खाली पडतात. पानं दिवसरात्र ओली, आणि ओल्या पानावर करपा. तूच मला सांगितलंयस की करप्याला पाणी पानावर काही तास टिकलेलं पुरतं.

मावशी: ते आहे.

भाचा: आणि मावळातला पाऊस म्हणजे काही पुण्यातला पाऊस नाही. पुण्यात वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर. लोणावळ्याला चार हजारांच्या वर. आपण मध्ये कुठेतरी. मँचेस्टर पावसाचं गाव म्हणून बदनाम, तिथे वर्षभरात हजारसुद्धा होत नाही. इथे छप्पर पाहिजेच.

मावशी: छप्पर नको असं मी कुठे म्हटलं? भिंती नकोत म्हटलं. माझ्याकडे काय होतं? वर दोनशे मायक्रॉनचा पेपर, बाजूला कर्टन. पावसाचा झोत आला की कर्टन खाली, थांबला की गुंडाळून वर. माथ्यावर एका बाजूला अखंड फट, तिला आम्ही टॉप व्हेंट म्हणायचो. पावसाळी वारं पश्चिमेकडून येतं, म्हणून फटीचं तोंड पूर्वेला. गरम हवा वरून आपोआप निघून जायची.

भाचा: मग तेच छोटं करून बांधू.

मावशी: छोटं करताना उंची छोटी करू नको, एवढंच. सगळे तीच चूक करतात. जागा कमी म्हणून छप्पर सात फुटांवर आणतात. मग वरची गरम हवा थेट शेंड्याला. बाजूने आठ फूट, मध्ये अकरा-बारा तरी पाहिजे. आणि दहा बाय आठ नको. दहा बाय वीस कर. बाग छोटी असली तरी माणसाला मध्ये ढकलगाडी न्यायला वाट लागते; ऐंशी फुटांत वाटच निम्मी जागा खाते.

इथे दोघांचं जुळतंय असं मला वाटलं. पण पेपर म्हणताच भाऊ पुन्हा सरसावला.

भाचा: पण प्लास्टिकचा कागद कशाला? तीन-चार वर्षांत पिवळा पडतो, फाटतो, मग टाकायचा कुठे? बाजूला जाळी घेऊ, छपराला पॉलिकार्बोनेट. दहा वर्षं बघायला नको.

मावशी: बघायला नको म्हणतोस, पण बघावं लागतं. पोकळ शीटच्या नळ्यांची तोंडं नीट बंद केली नाहीत तर आत पाणी शिरतं, शेवाळ धरतं, ते धुता येत नाही. वरच्या तोंडाला पक्की ॲल्युमिनियमची टेप, खालच्या तोंडाला पाणी निथळेल अशी छिद्राची टेप लागते. नळ्या उताराच्या दिशेने यायला हव्यात, आडव्या नाहीत. आणि उन्हापासून वाचवणारा थर शीटच्या बहुतेक एकाच बाजूला असतो. फिटरने शीट उलटी बसवली की दोन वर्षांत पिवळी.

भाचा: हे सगळं नीट करून घेता येतं.

मावशी: येतं. गारांना पॉलिकार्बोनेट भारी, हेही मान्य. पण वारं?

भाचा: वाऱ्याला तर कागदापेक्षा शीटच बरी.

मावशी: निसर्ग आलं तेव्हा तू इथे नव्हतास.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं आणि घाट ओलांडून मावळ, जुन्नरकडे गेलं. रायगडात नारळी-पोफळी झोपल्या, इकडे पॉलिहाऊस आणि शेडनेट. लॉकडाऊनमुळे फुलांचा बाजार मार्चपासून बंदच होता. फुलं तोडून बांधावर टाकायची वेळ आलेली, त्यावर हे.

मावशी: दुपारी वारं वाढत चाललं तसं छप्पर वर-खाली श्वास घ्यायला लागलं. खांबाला हात लावला की पाइप थरथरलेला कळायचा. मी आणि गडी विळा घेऊन शिरलो आणि बाजूने पेपर कापत गेलो. पेपर धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगा काढायला वेळ नव्हता. कापला तिथून फडफडत फाटत गेला, पण वाऱ्याला वाट मिळाली आणि सांगाडा उभा राहिला. शेजारच्यांनी पेपर वाचवला, त्यांचे पाइप पिळून जमिनीवर आले. पेपर नवा घेता येतो. म्हणून म्हणते, छप्पर असं हवं की वेळ आली तर सोडून देता येईल. शीट सोडता येत नाही. सुटलीच तर शेजारच्याच्या खिडकीत जाते.

भाचा: तुझं पॉलिहाऊस दहा गुंठ्यांचं होतं. माझं दोनशे चौरस फूट. त्यावर वारं बसून बसणार किती?

मावशी: तू इंजिनिअर ना? काढ हिशेब.

त्याने काढला. वाऱ्याच्या भारासाठीच्या भारतीय मानकात, आयएस 875 च्या तिसऱ्या भागात, पुण्यासाठी मूळ वेग सेकंदाला 39 मीटर धरलाय, मुंबईसाठी 44. सेकंदाला 39 मीटर म्हणजे ताशी 140 किलोमीटर. वेगाचा वर्ग करून 0.6 ने गुणलं की दर चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. तो 900 च्या थोडा वर भरला, म्हणजे चौरस मीटरला 93 किलो. दोनशे चौरस फूट म्हणजे साडेअठरा चौरस मीटर. छपराचा आकार, आडोसा यांनी आकडा खाली-वर होतो, पण ढोबळ हिशेबाने पावणेदोन टनांची उचल. अख्ख्या सांगाड्याचं वजन त्यापुढे काहीच नाही. किटमधले चार इंची खिळे तर विचारूच नका.

भाचा: हं.

मावशी: एक फूट बाय एक फूट, अडीच फूट खोल खड्डा, त्यात काँक्रीट. एकेक ठोकळा पावणेदोनशे किलोच्या आसपास. असे आठ. उरलेलं माती धरते. खर्चातली पहिली रक्कम इथे घाल, मग उरलेल्यात छप्पर कसलं ते ठरव. लोक उलटं करतात.

गच्चीवर ग्रीनहाऊस करू पाहणाऱ्यांनी हाच हिशेब दोनदा करावा, कारण तिथे खड्डा खणता येत नाही आणि वारं जमिनीपेक्षा जास्त. शिवाय खालचा भार. वावरासाठीच्या गच्चीचा चल भार साधारणपणे चौरस मीटरला 150 किलो धरून रचना करतात, आणि फूटभर खोलीचा ओल्या मातीचा वाफा चौरस मीटरला 500 किलोच्या घरात जातो. कोकोपीटच्या हलक्या पिशव्या, त्याही तुळयांच्या रेषेवर, हे जमतं. अख्ख्या गच्चीभर मातीचे वाफे आणि वर शेड, हे इमारतीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय करू नये. सोसायटीची परवानगी हा त्याच्यानंतरचा प्रश्न.

भाचा: बरं, पेपर घेतला समज. पण कचऱ्याचं बोल. मला ते खरंच टोचतं.

मावशी: दोनशे फुटांना किती पेपर लागतो? बाजूला कर्टन धरूनही दहा-बारा किलो. चार वर्षांतून एकदा. जुना पेपर माझ्याकडून लोक मागून न्यायचे, सरपणावर घालायला, कांद्याच्या चाळीला. आणि तो लवकर जाऊ नये म्हणून दोन गोष्टी कर. पाइपला पेपर टेकतो तिथे पाइप पांढरा रंगव. उन्हात पाइप भाजतो आणि पेपर आधी तिथेच फाटतो. आणि भुरी आली म्हणून आत गंधक मारत सुटू नको. गंधकाने पेपरमधलं उन्हापासून वाचवणारं रसायन मरतं.

भाचा: भुरी येणारच नाही ना, पाऊस अडवल्यावर?

मावशी: उलट येईल. करपा जाईल, भुरी येईल. भुरीला कोरडं पान आणि दमट हवा आवडते, छपराखाली नेमकं तेच असतं. उन्हाळ्यात लाल कोळी येईल, बाहेर पावसाने धुऊन जातो, आत त्याला धुणारं कोणी नाही. छप्पर घालून रोग संपत नाहीत रे, बदलतात. ज्याला आपण पुरून उरू तो रोग निवडायचा.

भाचा: किडीसाठी बाजूला चाळीस मेशची जाळी लावू. पांढरी माशी आत येणार नाही.

मावशी: नाही येणार. मधमाशीही नाही येणार.

भाचा: टोमॅटोला मधमाशी लागत नाही.

मावशी: टोमॅटोला नाही, मिरचीलाही चालून जातं. सकाळी तारेला टिचकी मारलीस की परागकण झडतात. पण काकडी, भोपळा, तुझी ती झुकिनी? नर फूल तोडून मादी फुलावर टेकवत बसावं लागेल, रोज सकाळी, नऊच्या आत. बिनपरागाची काकडी मिळते, बियाणं महाग. आणि जाळी जितकी बारीक तितकी हवा कमी. फुलकिड्यासाठी पन्नास मेश लावलीस तर परत तुझी कोंदट खोली तयार.

यावर भावाने विचारलं की मग जाळी लावायची की नाही, आणि मावशीने चक्क 'ठाऊक नाही, तू काय लावणार त्यावर आहे' असं उत्तर दिलं. मला हे आवडलं. विकणारा असं कधी बोलत नाही. माझ्या मते निम्म्या जागेला जाळीची खोली करावी, टोमॅटो-मिरची आणि रोपांसाठी, आणि उरलेली उघडी ठेवावी, वेलांसाठी. दोघांनीही माझ्याकडे लक्ष दिलं नाही.

शेडनेटच्या रंगावरून चकमक उडाली ती लवकर मिटली. भावाला हिरवी हवी होती. हिरवी जाळी माणसाच्या डोळ्याला गार वाटते, झाडाला त्या हिरव्या उजेडाचा विशेष उपयोग नाही. पांढरी घ्यावी, तिच्यातून उजेड विखरून आत येतो. ती छपराच्या वर, फूटभर अंतर सोडून ताणावी. आतून बांधली तर ऊन आत शिरून मगच अडतं.

भाचा: दिशा? तिकडे लांब बाजू दक्षिणेला ठेवायचो. डिसेंबरात दुपारी बारालासुद्धा सूर्य क्षितिजापासून तेरा अंश वर. साडेसात तासांचा दिवस. उजेडाचा थेंब न् थेंब वेचायचा.

मावशी: इथे डिसेंबरातही दुपारी अर्ध्या आभाळात असतो. आणि मेच्या मध्याला डोक्यावरून पलीकडे, उत्तरेला जातो, तो जुलैअखेर परत फिरतो. उजेडासाठी दिशा बघू नको, वाऱ्यासाठी बघ. अरुंद बाजू पश्चिमेला दे. आणि घराच्या भिंतीला चिकटवू नको, भिंत रात्रभर ऊब सोडते.

भाचा: पाणी? छपराचं पाणी मला साठवायचंय.

मावशी: साठव ना. साडेअठरा चौरस मीटर छप्पर. जुलैत एका दिवसात शंभर मिलिमीटर पडला तर अठराशे लिटर. हजाराची टाकी दुपारीच वाहायला लागेल. तेव्हा टाकीपेक्षा चर आधी खण, नाहीतर ते सगळं पाणी खालून वाफ्यात शिरेल. वरून छप्पर आणि मुळं पाण्यात, असं करून बसलेले मी पाहिलेत. वाफे फूट-दीड फूट उंच घे. लाल मातीत शेणखत आणि भाताचं तूस घाल, निचरा होतो.

भाचा: आणि ठिबक.

मावशी: ठिबकच. पण एक ध्यानात ठेव, या मातीवर आता कधीच पाऊस पडणार नाही. खतातले क्षार खाली वाहून जाणार नाहीत, वर येऊन पांढरे दिसायला लागतील. पीक निघालं की मध्ये एकदा वाफा भरपूर पाण्याने धुऊन काढायचा. तुझ्या टाकीतलं पावसाचं पाणी तेव्हा कामाला येईल, त्यात क्षार नसतात.

एव्हाना कॅटलॉग मिटलेला होता. पण भावाने एक मागणी सोडली नाही, आणि ती मला रास्त वाटली. रोपं करायला त्याला बंद जागा हवीच होती. जानेवारीत मावळात पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो, मिरचीचं, वांग्याचं बी आठ-आठ दिवस हलत नाही.

भाचा: बी रुजायला ऊब लागते, एवढं तरी मानशील?

मावशी: मानते. त्याला खोली कशाला? चार बाय दोनची पेटी कर. विटांच्या भिंती, मागची उंच, पुढची बुटकी, वर जुन्या खिडकीचं काचेचं दार तिरपं. सकाळी उघड, संध्याकाळी लाव. विसरलास तर एक ट्रे जाईल, बाग नाही जाणार. हौसेची काच तिथे लाव.

भाचा: आणि त्याला मेणाची नळी बसवीन.

मावशी: बसव. तिथे शोभेल ती.

मग वेळापत्रक निघालं. हिवाळ्यात खड्डे आणि पाइप, फेब्रुवारीत शेडनेट, आणि पेपर मेच्या अखेरीस, कारण एप्रिल-मेचा वळीव हा सोसाट्याचाच, नवा पेपर त्याच्या तोंडी द्यायचा नाही. इथवर एकमत. पुढे नाही.

मावशी: आणि दसऱ्यानंतर पेपर उतरवायचा.

भाचा: उतरवायचा? मागच्या काही वर्षांत नोव्हेंबर-डिसेंबर कोरडा गेलाय कधी? अवकाळी पाऊस येतो, सकाळचं धुकं असतं, दव पडतं. पेपर राहू दे वर. बाजू तर उघड्याच आहेत.

मावशी: थंडीचं कोवळं ऊन फुकट मिळतं ते अडवून काय करणार? धुळीने माखलेल्या पेपरातून उजेड किती येतो माहितीये? आणि सहा महिने सावलीत ठेवलास तर पेपर दुप्पट टिकेल.

भाचा: घडी घालताना फाटेल. उंदीर कुरतडतील. आणि उतरवायला चार माणसं लागतात, ती दरवर्षी आणू कुठून?

मी भावाच्या बाजूची आहे. पेपर उतरवून जपणं पुस्तकात बरोबर. दोन माणसांच्या घरात ते एक वर्ष होतं, दुसऱ्या वर्षी होत नाही. दिवाळीआधी छप्पर पाण्याने धुतलं तरी पुष्कळ. मावशीला हे पटलेलं नाही.

मावशी: स्प्रिंगवाली पट्टी लाव निदान, खिळे मारू नको. म्हणजे मी येईन तेव्हा मीच उतरवीन.